मासुंद्याकाठचे धर्मग्राम

इंग्लंडात ज्यास ‘पॅरिश’ म्हणतात व आपल्याकडील मराठीभाषक ख्रिस्ती लोक ज्यास ‘धर्मग्राम’ म्हणतात, त्या चिमुकल्या घटकाचा इतिहास तिकडे लिहिणे फारसे कष्टाचे नाही; कारण जन्म पावलेल्यांचा बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही प्रत्येक पॅरिशने ठेवावी असा हुकूम १५३८ सालीच तेथे सुटला, आणि समुद्रकाठच्या एखाद्या खेड्याचेही दफ्तर त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या साचत गेले. ठाण्याच्या खाडीकाठी मात्र पहिले प्रकरण उघडते ते एका घरातल्या तंट्याने, आणि तो टिपून ठेवला परमुलखातून आलेल्या वाटसरूने.

१३२१ साली होर्मुझहून कोल्लमला जावयाचे म्हणून गलबतात बसलेले चार फ्रान्सिस्कन साधू, तोलेंतीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर व दिमित्रिउस, मनात नसताना ठाण्यास येऊन पोचले आणि येथील एका नेस्टोरियन ख्रिस्त्याच्या घरी उतरले. यजमानाने बायकोला मारहाण केली. ती फिर्याद घेऊन काजीकडे गेली. साक्षीदार कोण, असे विचारता तिने घरातल्या परदेशी पाहुण्यांकडे बोट दाखविले. तंटा बायकोच्या अंगावरील वळांचा होता, पण काजीसमोर वाद पेटला तो धर्माचा, आणि अखेरीस चौघांनाही प्राणास मुकावे लागले. पुढे ओदोरिक नावाचा साधू येथे आला आणि त्यांच्या अस्थी गोळा करून थेट चीनला घेऊन गेला. हा सारा वृत्तांत त्याच्याच प्रवासवर्णनात सापडतो. त्या बाईचे पुढे काय झाले, हे विचारण्याची त्याला गरज वाटली नसावी. मला मात्र राहून राहून तीच आठवते.

१५३४ च्या तहाने वसईबरोबर हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो सोडविला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. अंमल बदलले, जमाबंदीची भाषा बदलली. परंतु मासुंदा तलावाच्या काठचे, तलावपाळीजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आणि त्याच्या आसऱ्याने राहणारी कुटुंबे राहिली. १८८७ साली मुंबईत संस्था काढून स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेणारा समाज तो हाच. या नावावरून त्यांना परके समजणाऱ्याने त्यांचा ‘आगेरा’ पाहावा: ऑक्टोबराच्या आरंभी नव्या भाताच्या लोंब्या खळ्यावर जाण्याआधी पाद्रीबोवांपुढे येतात, त्यांवर तीर्थ शिंपडले जाते, आणि मगच नव्या दाण्याचा घास घरात शिजतो. कोकणच्या कुणब्याच्या नव्याच्या सणाहून यात निराळे ते काय?

इंग्रजांनी आपले सेंट जेम्स चर्च निराळे बांधले, आणि १८२५ साली कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी त्याचे विधिपूर्वक अर्पण केले. हेच हेबर आदल्या वर्षी चुनारच्या किल्ल्यात पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांना कैदेत पाहून आले होते. साहजिकच ठाण्यास आल्यावर त्यांनी चर्चबरोबर डेंगळ्यांनी पूर्वी येथील किल्ल्यातून केलेल्या पलायनाचीही हकिकत आपल्या रोजनिशीत आणली. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाबद्दल इंग्रजांच्या स्वाधीन झालेल्या डेंगळ्यांवर ठाण्याच्या किल्ल्यात मुद्दाम गोऱ्या शिपायांचाच पहारा ठेवला होता, म्हणजे एतद्देशीयांशी संधान बांधता येऊ नये. तजवीज चोख होती, फक्त पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हती. १८१६ च्या सप्टेंबरात एका साहेबाचा मोतद्दार रोज खिडकीखाली घोडा फिरवीत, त्याला खरारा करीत, मोकळ्या गळ्याने मराठीत गाणी म्हणत असे. सुटकेचा सारा बेत त्या गाण्यांतून वर पोचत होता, आणि बंदूक खांद्यावर घेतलेला गोरा शिपाई ती ऐकत तेथेच उभा होता.