सदाफुलीचे दुसरे रूप

ठाण्याच्या जुन्या वाड्यांत आणि डोंबिवलीच्या चाळींपुढील कुंड्यांत बारमाही फुलणारी जी सदाफुली आपण देवपूजेसाठी सहज खुडतो, तिच्याच पानांत व्हिन्क्रिस्टीन हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात दडलेले असून, एड्सच्या रुग्णास लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, जडला असता ज्या संयुक्त रसायनोपचाराची तजवीज करतात, त्यात त्यास मानाचे स्थान आहे. (घरी तिचा काढा करून पिणे मात्र घातक होय.)

एकाच औषधास न जुमानणाऱ्या पेशी मागे उरून पुन्हा बंड करतात. म्हणून सायक्लोफॉस्फामाइड व डॉक्सोरुबिसिन पेशीच्या जनुकद्रव्यावर आघात करतात, व्हिन्क्रिस्टीन विभाजनाचे तंतू जुळू देत नाही आणि प्रेडनिसोलोन लसिकापेशींचा नाश घडविते, असा चहूंकडून बंदोबस्त सामान्यतः दर 21 दिवसांनी करावा लागतो.

परंतु हीच औषधे अस्थिमज्जेसही दुबळी करतात, आणि एचआयव्हीने पोखरलेल्या देहास हा दुहेरी मार सोसवेना, म्हणून पूर्वी मात्रा पुष्कळदा घटवीत. 1996 च्या सुमारास विषाणुरोधक औषधांचे संयुक्त उपचार आले, 2004 पासून भारत सरकारने ते विनामूल्य देण्यास आरंभ केला, आणि पूर्ण मात्रेचा मार्ग खुला झाला. मात्र त्या विषाणुरोधकांपैकी झिडोव्हुडिन स्वतःच मज्जेस दडपीत असल्याने रसायनोपचाराच्या मुदतीत ते टाळणे इष्ट.

कल्याणहून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे, पांढऱ्या पेशी घटलेल्या अवस्थेत, लोकलच्या गर्दीत उभ्याने निघालेल्या रुग्णाचे चित्र डोळ्यांपुढे आले की जीव कळवळतो, अशास 100.4 अंशांवर ताप चढलाच, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री जवळचे रुग्णालय गाठावे.