ब्लूटूथ : उघडी राहिलेली बिनतारी वाट

मोबाइल, इअरफोन, मनगटी घड्याळ आणि मोटारीतील ध्वनियंत्रणा ज्या ब्लूटूथ तंत्राने तारेविना जोडल्या जातात, ते २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरींवर चालते, आणि खिसा किंवा पर्स या लहरींना अडवत नसल्यामुळे मालकाच्या नकळत परक्या यंत्रालाही त्या उपकरणाशी संपर्काचा प्रयत्न करता येतो. अशा संपर्कातून माहिती चोरण्याला ‘ब्लूस्नार्फिंग’ म्हणतात. २००३ मध्ये अ‍ॅडम लॉरी यांनी हा दोष उजेडात आणला. नोकिया आणि सोनी एरिक्सनच्या काही फोनमध्ये व्हिजिटिंग कार्ड स्वीकारण्यासाठी ठेवलेल्या वाटेवर ओळख विचारलीच जात नसे, त्यामुळे तिथूनच आत शिरून संपर्कयादी आणि दिनदर्शिका उतरवून घेता येई. चोर दहा मीटरांच्या आत असेल तरच धोका, ही समजूतही पुढच्याच वर्षी खोटी ठरली, कारण दिशादर्शी अँटेना वापरून कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे दीड किलोमीटरहून अधिक अंतरावरील फोनमधून माहिती काढून दाखवण्यात आली.

ते फोन कालबाह्य झाले, दोषांचे स्वरूप मात्र अधिक गंभीर झाले. दोन उपकरणांनी परस्परांची ओळख पटवून सांकेतिक किल्ली ठरवण्याला पेअरिंग म्हणतात. २०१७ मध्ये आर्मिस या संस्थेने जाहीर केलेल्या ‘ब्लूबोर्न’ दोषमालिकेत त्या पेअरिंगचीही गरज नव्हती, ब्लूटूथ चालू असले की पुरे होते. २०१९ मधील ‘नॉब’ या दोषाने तर प्रमाणित पद्धतीतलीच उणीव दाखवली : दोन उपकरणांच्या वाटाघाटीत मध्येच हस्तक्षेप करून किल्लीची ताकद एका बाइटवर, म्हणजे अवघ्या २५६ शक्यतांवर आणता येत होती, आणि एवढ्या शक्यता संगणक क्षणात तपासतो.

म्हणूनच फोन इतरांना दिसणार नाही अशी व्यवस्था करणे उपयुक्त असले तरी पुरेसे नाही. गरज नसताना ब्लूटूथ बंद ठेवणे, अनपेक्षित पेअरिंगची विनंती नाकारणे आणि प्रणालीची सुरक्षा-अद्यतने लगेच बसवणे, यांपैकी शेवटचा उपाय सर्वांत मोलाचा आहे, कारण वर सांगितलेले दोष निर्मात्यांनी दुरुस्त्या पाठवूनच बुजवले. अशा दुरुस्त्या स्वस्त फोनना थोड्याच काळापुरत्या मिळतात, आणि कमी पैसे मोजणाऱ्याच्या वाट्याला कमी सुरक्षितता यावी, हा सरळसरळ अन्याय आहे; खरेदीच्या वेळी कॅमेऱ्याइतकीच अद्यतनांच्या मुदतीचीही चौकशी ग्राहकांनी करायला हवी.

भाड्याच्या मोटारीकडे तर फारसे कोणाचे लक्षच जात नाही. फोन जोडताना संपर्कयादी पाहण्याची परवानगी दिली, तर तिची प्रत मोटारीच्या यंत्रणेत उतरू शकते, आणि फोनमधून जोडणी काढून टाकली तरी ती प्रत तिथेच राहू शकते. त्यामुळे मोटार परत करण्यापूर्वी तिच्या पडद्यावरूनही आपल्या फोनची नोंद पुसावी लागते.