खुंट मोडलेल्या तोफा

दिवाळीच्या सुमारास अंगणात माती कालवून किल्ला उभारणारी मुले त्याच्या बुरुजावर तोफ ठेवतात तेव्हा ती नुसती आडवी टाकून देत नाहीत. मातीचा उंचवटा, आगपेटीचा गाडा, निदान दोन खडे तरी खाली सरकवून तिचे तोंड पायथ्याच्या मुलखाकडे वळवल्यावाचून त्यांचे समाधान होत नाही. बालबुद्धीस जे सहज उमगते त्याची दखल आमच्या दुर्गविषयक वाङ्मयाने मात्र फारशी घेतलेली नाही. तोफ कोणत्या धातूची, किती हात लांब, कोणाच्या कारकिर्दीत ओतलेली, यांविषयी तेथे पानेच्या पाने खर्ची पडतात. ती कशावर बसत होती हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. वास्तविक अग्न्यस्त्राचे सामर्थ्य जितके नळीत आणि दारूत असते तितकेच ते त्याच्या आसनात असते, आणि हे ज्यांस पक्के ठाऊक होते त्यांनी लोणावळ्याच्या आसमंतातच त्याचा पुरावा मागे ठेवलेला आहे.

बोरघाट चढून वर आले की राजमाची, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि दक्षिणेस कोराईगड असे जे दुर्गमंडळ मावळावर पहारा देत उभे आहे, त्यांपैकी विसापुराच्या विस्तीर्ण माथ्यावरील एका लोखंडी तोफेचे वर्णन १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आलेले आहे. लांबी १० फूट, तोंडाचा व्यास ४ इंच, अंगावर ट्यूडर घराण्याचे गुलाबपुष्प, मुकुट आणि ‘ई. आर.’ ही अक्षरे. त्यावरून ती इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळची असावी, कोणाच्या तरी लुटीत सापडून पुढे पेशव्यांस नजर झालेली असावी, असा तर्क गॅझेटियरकारांनी केला आहे. तर्क मनोरंजक आहे. परंतु त्यामागोमाग त्यांनी जी कोरडी नोंद केली आहे ती मला अधिक मोलाची वाटते. विसापुरावरील इतर तोफांप्रमाणेच हिचेही दोन्ही बाजूंचे खुंट तोडून तिला निकामी करण्यात आले आहे.

हे खुंट म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. तोफेच्या नळीला तिच्या तोलाच्या बिंदूच्या किंचित पुढे, दोहों अंगांस काटकोनात, दोन जाड वाटोळे दंड ओतीव कामातच काढलेले असतात. गाड्याच्या दोन उभ्या फळ्यांत कोरलेल्या खाचांत हे दंड बसतात आणि वरून लोखंडी पट्टीने जखडले जातात. सगळ्या तोफेचे ओझे त्यांच्यावर. तोंड वर-खाली करावयाचे तेही त्यांच्याच आसावर. ते तोलाच्या पुढे असल्यामुळे तोफेची मागची बाजू थोडी जड राहते आणि खालच्या लाकडी पाचरीवर स्वस्थ टेकते. पाचर मागे ओढली की बूड खाली बसते व तोंड वर उचलते, आत ठोकली की तोंड खाली येते. बार उडाल्यानंतर मागे येणारा प्रचंड हिसका याच दोन खुंटांतून गाड्यात उतरतो, गाडा चाकांवर मागे धावतो, आणि त्याची धाव दोरखंडांनी किंवा घर्षणाने शमते. आता हे खुंट नाहीत अशी कल्पना करा. नळी शाबूत आहे, दारू कोरडी आहे, गोलंदाज हुशार आहे. परंतु तोफेला नेम नाही, तिचा कोन बदलता येत नाही, आणि बार काढलाच तर ती शत्रूपेक्षा स्वपक्षाच्या पायांवर येण्याचा संभव अधिक.

तोफेच्या कानात मेख मारून ती निकामी करण्याची रीत सर्वश्रुत आहे. पण ती मेख एखादा कसबी लोहार सावकाशीने पोखरून काढू शकतो. तुटलेला खुंट मात्र त्याच्या भात्याला आणि घणाला दाद देत नाही, कारण बिडाचे ओतीव लोखंड घडीव लोखंडासारखे तापवून जोडता येत नाही. विसापुरावर ज्यांनी हे काम केले त्यांनी तोफेस मारले नाही, तिचे आसन मारले; आणि विध्वंसातही शास्त्र असते हे मान्य करावयाचे तर या कामास शंभर गुण द्यावे लागतील.

हे काम बहुधा १८१८ च्या पाडावानंतरचे. त्या वर्षी मार्च महिन्यात इंग्रजांचा कर्नल प्रॉथर कोकणातून भारी तोफा घेऊन वर चढला. ४ मार्चला विसापूर त्याच्या हाती पडला आणि दुसऱ्याच दिवशी लोहगड. यात आश्चर्य नाही. विसापूर १०८४ मीटर उंच, लोहगड १०३३. मध्ये एक खिंड काय ती. विसापूर गेला की त्याचा कडाच लोहगडावर रोखलेल्या तोफांचे आयते आसन होतो, आणि हे दोन्ही पक्षांस ठाऊक असल्यामुळे लोहगडाची लढाई लोहगडावर झालीच नाही. कोराईगडाने त्याच महिन्यात तीन दिवस झुंज दिली; १४ तारखेस तेथील दारूचे कोठार पेटले तेव्हा तो शरण आला. त्या गडावरील लक्ष्मी नावाची मोठी तोफ पाहण्यास लोक आजही वर चढतात.

तोफेचे बळ तिच्या आसनात असते हा धडा इंग्रजांस त्यापूर्वी एकोणचाळीस वर्षे याच मावळात उलट बाजूने मिळालेला होता. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांस पुण्याच्या गादीवर बसविण्याकरिता मुंबईकरांची फौज बोरघाटाने वर आली तेव्हा घाटात गाडीरस्ता नव्हता. तो व्हावयास १८३० साल उजाडले. तोफा, त्यांचे गाडे, दारूगोळा आणि या सरंजामामागून चालणारे हजारो बैल यांमुळे लष्कराची चाल इतकी मंदावली की मराठ्यांना मुलूख उजाड करण्यास हवा तेवढा अवकाश मिळाला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्या लोकस्मृतीतला इष्टुर फाकडा, तोफेच्या गोळ्याने ठार झाला. पुढे तळेगावाहून रातोरात माघार घेण्याचे ठरले त्या वेळी इंग्रजांनी आपल्या भारी तोफा तेथील तळ्यात लोटून दिल्या. मागे उरली ती वडगावची नामुष्की आणि तो प्रसिद्ध तहनामा. ज्या आसनावरून तोफ वाहून नेता येत नाही ते आसन तोफेसकट टाकून द्यावे लागते, असा त्याचा अर्थ. पानिपतावर अठरा वर्षांपूर्वी आपली गत निराळी झाली नव्हती: इब्राहिमखान गारद्याच्या तोफा जबरदस्त खऱ्या, पण रणाचे पारडे फिरले तेव्हा त्या जागच्या हलेनात, आणि अब्दालीची हलकी जंबुरके उंटाच्या खोगिरावर फिरत्या खुंटावर बसविलेली असल्यामुळे जेथे उंट बसवावा तेथे मोर्चा उभा राही.

मराठी राज्यकर्त्यांना या गोष्टीची जाण नव्हती असे मात्र कोणी समजू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडकोटांच्या बंदोबस्ताचा विचार करताना तोफांच्या बरोबरीने त्यांचे गाडे आणि चरक यांच्या मजबुतीची तजवीज सांगितलेली आहे. चरक म्हणजे तोफ ज्यावर फिरवावयाची ते आसन. दख्खनेतील सुलतानांचे स्थपती या कलेत फार पुढे गेले होते. विजापुरास शेरझा बुरुजावरची, १५४९ साली अहमदनगरास ओतलेली मुलुख-मैदान तोफ पाहिली म्हणजे वाटोळा बुरुज, मधोमध खीळ आणि तिच्याभोवती फिरणारे धूड, अशी तोफ व बुरुज मिळून एकच यंत्र कसे होई हे ध्यानात येते. मावळच्या गडांवर एवढा थाट नाही. येथे गाडे लाकडाचेच असणार, आणि लोणावळ्याच्या पावसाखाली उघड्यावर सागवानाचे काय होते हे घाटमाथ्यावरच्या कोणत्याही सुताराने सांगावे. तोफा उरल्या, गाडे उरले नाहीत.

बंदुकीचा प्रश्न तोफेहून लहान दिसतो, पण गणित तेच आहे. एक मीटर लांबीच्या बंदुकीचे टोक एका मिलिमीटरने ढळले तर शंभर मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला पडते. माणूस श्वास घेतो, त्याचे हृदय धडधडते, स्नायू थकून थरथरतात. तेव्हा एक मिलिमीटर ही फार मोठी चैन झाली. सोळाव्या शतकातील युरोपातली जड बंदूक आठ-नऊ किलोंच्या घरात जाई, आणि ती उचलणारा शिपाई डाव्या हातात बेचक्याची काठी बाळगून तीवर नळी टेकवी. पुढल्या शतकात बंदुका हलक्या झाल्या तशी ती काठी गळून पडली. आपल्याकडील तोड्याच्या काही लांब बंदुकांना नळीखालीच दोन पायांची घोडी जोडलेली असे, आणि अफगाण जेझाईलचे बेचके तर अनेक जुन्या चित्रांत दिसते. गडावरील बरकंदाजास मात्र काठी-बेचक्याची गरजच नव्हती. तटाच्या चर्यांखालून बाहेर उतरत्या ठेवलेल्या जंग्या पाहाव्यात: आतून रुंद, बाहेर अरुंद, म्हणजे आतल्या माणसास नळी डावी-उजवी फिरवता यावी आणि बाहेरच्यास आत गोळी घालता येऊ नये. जंगी हे शत्रूपासून लपण्याचे भोक आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धी खरी आहे. जंगीचा तळ हाच बंदुकीचा टेकू, आणि त्याचा उतार म्हणजे स्थपतीने आधीच ठरवून ठेवलेला नेम. हे मत माझे आहे; तज्ज्ञांस ते मान्य नसेल तर त्यांनी लोहगडाच्या दरवाजांवरील तटात उभे राहून निर्णय करावा.

आधुनिक काळात या टेकूचे एक स्वतंत्र शास्त्रच झाले आहे. मेजावर बंदूक ठेवून अचूकतेची परीक्षा घेणाऱ्या नेमबाजांचे साधन पाहिले तर त्यात पुढे बिडाची जड तिवई असते. तिच्या तिन्ही पायांस तळी समतल करण्याचे स्क्रू, मध्ये डोके वर-खाली व आडवे सरकविण्याची योजना, आणि माथ्यावर कोरड्या बारीक वाळूने गच्च भरलेली चामड्याची उशी. मागे वाळूची दुसरी पिशवी. तिला दोन उभे कान, त्यांच्यामधून कुंदा सरळ रेषेत मागे घसरतो, आणि पिशवी मुठीत किंचित आवळली की कुंदा वर उचलून नेम केसभर खाली येतो. वाळूच का? ती जड आहे, आकार घेते आणि हादरा गिळते. कठीण दगडावर नुसती टेकलेली बंदूक बार होताच उसळते आणि गोळी अपेक्षेहून दूर जाते. म्हणून जाणता माणूस खडकावर आधी हात किंवा घडी केलेले कांबळे ठेवतो आणि मग बंदूक. नळी मात्र कशावरही टेकू देऊ नये हा पहिला नियम, कारण गोळी नळीतून जात असता नळी वीणेच्या तारेसारखी कंप पावते आणि तारेवर जेथे बोट ठेवावे तसा सूर बदलतो. टेकवावयाचे ते नळीखालचे लाकूड, आणि तेही दर वेळी एकाच ठिकाणी. टेकूचे काम बंदुकीला घट्ट धरून ठेवण्याचे नसून प्रत्येक बारास तिला त्याच रीतीने मागे येऊ देण्याचे आहे.

याउलट ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत टेकू वर्ज्य, आणि येथेच महाराष्ट्राचे नाव उजळ झाले आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या विश्वस्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळविले. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या आणि पुण्याच्या बालेवाडीत तयारी केलेल्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर तीन अवस्थांच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकले. त्या लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर, म्हणजे केंद्रावर धरलेला नेम एका मीटरमागे एक दशांश मिलिमीटरहून किंचित अधिक ढळला की वर्तुळाची कड आली. हे साधावयाचे ते स्नायूंच्या बळावर नव्हे, हाडांच्या रचनेवर. गुडघा टेकून बसताना उजव्या घोट्याखाली २५ सेंटिमीटर लांब व १८ सेंटिमीटर व्यासापर्यंतची लोडासारखी गुंडाळी चालते, डावा कोपर गुडघ्यावर येतो आणि दंडास वेढलेला पट्टा बंदुकीस बांधून त्रिकोण पुरा करतो. पालथे पडून मारताना पट्टा चालतो पण पुढच्या हाताने जमिनीशी निदान ३० अंशांचा कोन राखावा लागतो. उभ्याने मारताना पट्टाही नाही, कोपर बरगडीस व कमरेस लावून स्वतःच्या सांगाड्याचाच गाडा करावा लागतो. ज्यांच्या बाहूंत बंदुकीचे ओझे पेलण्याची शक्ती नाही अशा दिव्यांग नेमबाजांच्या एका वर्गास स्प्रिंगवर तोललेली घोडी नियमानेच दिलेली आहे. ती ओझे घेते, नेम धरीत नाही. नेम त्या नेमबाजासच धरावा लागतो. नियम करणाऱ्यांनी टेकू आणि कसब यांमधील रेषा इतकी नेमकी आखलेली अन्यत्र माझ्या पाहण्यात नाही.

आता पुन्हा मावळाकडे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील अनेक गडांवर दुर्गप्रेमी मंडळींनी लोकवर्गणी जमवून, सागवानी गाडे करवून, धुळीत पडलेल्या तोफा त्यांवर सन्मानाने चढविल्या आहेत. या खटपटीविषयी मला आदर आहे, परंतु एक तक्रारही आहे. प्रत्येक तोफेस सारखाच एक नमुना लावला जातो. जहाजावरची तोफ, तटावरची तोफ आणि मैदानी तोफ यांचे गाडे एकाच साच्यात निघतात, खुंटांचा व्यास व तोलाचा बिंदू मोजण्याची तसदी क्वचितच घेतली जाते, आणि खुंट तुटलेली तोफ गाड्यावर पट्ट्यांनी बांधून सुसज्ज असल्यासारखी उभी केली तर १८१८ ची सर्वांत बोलकी खूणच झाकली जाते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ज्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला त्यांत लोहगड आहे, शेजारचा विसापूर नाही. म्हणून लोहगडाची काळजी आता बऱ्याच अंशी आपोआप घेतली जाईल आणि विसापुराची घ्यावी लागेल. तेथील तोफेस गाडा नको. पुरातत्त्व खात्याच्या संमतीने तिला ओल्या मातीवरून उचलून दोन दगडी बैठकींवर ठेवावे, तुटलेले खुंट दोन्ही बाजूंनी दिसतील असे ठेवावे, आणि ते कशासाठी तोडले हे शेजारी मराठीत चार ओळींत लिहावे. तोवर जे वाचक या सुट्टीत मळवलीवरून विसापूर चढतील त्यांनी तोफेवर बसून छायाचित्र काढू नये, आणि तिच्या दोन्ही कुशींवरून एकदा हात फिरवून पाहावा.