पाळी अकाली थांबली, तर हाडांचे काय?

बाभुळगावच्या बाजारपेठेत दुकानाचा गल्ला सांभाळणाऱ्या सुनेची पाळी पस्तिशीतच थांबली, तर घरात बहुधा सुटकेचाच सूर उमटतो : एक कटकट गेली! खरी हानी मात्र तेथूनच सुरू होते. बीजाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन हाडांची झीज आवरून धरते. ते आटले, की झीज भरणीला मागे टाकते. आणि ती वेदनेवाचून होत असल्याने मनगट वा खुबा मोडेपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही.

चाळिशीपूर्वी बीजाशय निकामी होण्यामागे कर्करोगावरील उपचार किंवा आनुवंशिक दोष असू शकतो. पुष्कळदा कारण सापडतच नाही. शस्त्रक्रिया हे आणखी एक कारण. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. सुस्थित घरांतही गर्भाशयासोबत बीजाशये काढण्यास सहज संमती दिली जाते. ती खरोखर काढणे आवश्यक आहे काय, हा प्रश्न सहीपूर्वीच विचारावयास हवा.

अशा स्त्रीला नुसती कॅल्शियमची गोळी पुरत नाही. स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसल्यास, साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन बाहेरून देणे हाच मुख्य उपचार. गर्भाशय शाबूत असल्यास जोडीला प्रोजेस्टेरॉन. साठीतील स्त्रियांविषयी ऐकलेले हार्मोनचे धोके या तरुण स्त्रियांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. हाडांची घनता डेक्सा तपासणीने कळते.

जैन घरात एक अडचण अधिक, आणि ती संकोचाने दडवली जाते. काही इस्ट्रोजेन गोळ्या गाभण घोड्यांच्या मूत्रापासून बनतात. 'ड३' जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून मिळते. मऊ कॅप्सूलचे आवरण तर बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यांच्या जिलेटिनचे! तथापि वनस्पतिजन्य पदार्थापासून तयार केलेले इस्ट्रॅडिओल आणि दगडफुलाच्या वर्गातील लायकेनपासून काढलेले 'ड३' उपलब्ध आहे. डॉक्टरांना व औषधविक्रेत्याला हे स्पष्ट विचारावे; औषध मात्र परस्पर बंद करू नये.

आहारातून दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. दूध, दही, तीळ, नाचणी, राजगिरा हे त्याचे घरचेच स्रोत. आयंबिलात दूध-दही वर्ज्य असते. नऊ दिवसांच्या ओळीने हाडांचे फारसे बिघडत नाही. पण वर्धमान तपासारख्या दीर्घ आराधनेचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी आणि गुरुमहाराजांशी, दोघांशीही बोलणे योग्य. गल्ल्यावरून उठून रोज कोवळ्या नव्हे, चांगल्या तापलेल्या उन्हात थोडे चालावे. कोवळ्या उन्हात 'ड' फारसे तयार होत नाही.