पान, शिंपला आणि चौकोन

‘हे काय काढलंय? असं तर माझा लहान भाऊपण काढेल!’ अमूर्त चित्रासमोर उभं राहिल्यावर हे वाक्य तुमच्याही तोंडून निघालं असेल. पण रोहा-पेण रोज ये-जा करत असाल, तर या चित्रांचा कच्चा माल तुमच्या रोजच्या बघण्यातला आहे. खाडी तिला हवी तशी वळते, तिच्या कडेला माणसानं आखलेले शेताचे आणि मिठागरांचे चौकोन. पेणच्या गणपती कारखान्यात डोकावलात तर हत्तीची सोंड म्हणजे एक वळण आणि पोट म्हणजे एक गोल, हेही दिसेल.

याच मातीतला एक मोठा चित्रकार म्हणजे प्रभाकर बरवे. जन्म १९३६ सालचा, अलिबागजवळच्या नागावचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्यांच्या चित्रांत पान, शिंपला, फळ, ढग असे ओळखीचे आकार येतात. पण मोकळ्या, सपाट जागेत, रेषा आणि चौकटींच्या शेजारी. पान झाडावर नसतं, म्हणून आपण त्याच्याकडे नव्यानं बघतो. चित्रामागचा हा विचार त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात साध्या मराठीत मांडलाय. कॉलेजच्या लायब्ररीत शोधाच.

आपल्याकडे ही वाट नवी नाही. डहाणूकडच्या वारली चित्रांत दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो आणि लगेच नाचायलाही लागतो! जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली.

आता तुमची पाळी. सागाचं एक पान घ्या. पहिल्यांदा जसं दिसतं तसं काढा. दुसऱ्यांदा फक्त मधली शीर आणि तिला फुटणाऱ्या शिरांचे कोन. तिसऱ्यांदा तेवढ्याच रेषा एका चौकोनात बसवा, हव्या तिथे सरकवा. पान ओळखू आलं नाही तरी चालेल, पण त्याची वाढ, त्याचा ताण रेषेत राहायला हवा. तो हरवला तर उरतं ते नुसतं डिझाइन.

‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणून थांबू नका. इथं हाताआधी नजर लागते, आणि तिला क्लासची फी नाही.