हाल, खुशाल आणि हल्ली मुक्काम

रमजान उन्हाळ्यात आला, की शेजारच्या काकूंचा एक प्रश्न ठरलेला असतो. "दिवसभर पाण्याचा थेंबही नाही? फार हाल होत असतील गं तुमचे." प्रश्नात माया असते. इफ्तारीसाठी फळे चिरत बसलेली शेजारीण हसते आणि म्हणते, "हाल कसले काकू, खुशाल आहोत आम्ही." दोघी आपापल्या कामाला लागतात. एवढ्याशा बोलण्यात एकच शब्द दोनदा येऊन गेला, एकदा दुःखाच्या वेशात आणि एकदा सुखाच्या, हे दोघींच्याही ध्यानात येत नाही.

हा शब्द म्हणजे 'हाल'. मूळचा तो अरबी. अर्थ साधा : स्थिती, अवस्था. ज्या धातूपासून तो निघाला त्यात बदलण्याचा, एका जागेवरून दुसरीकडे जाण्याचा भाव आहे. हाल म्हणजे माणसाची आत्ताची स्थिती, जी काल वेगळी होती आणि उद्या वेगळी असू शकेल. त्याच धातूचा 'हवाला', म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे सोपवणे. त्यावरून आपले 'हवाली करणे' आले आणि पोलीस चौकीतला 'हवालदार'ही. हाल या शब्दाचे अरबी अनेकवचन 'अहवाल'. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत दरवर्षी वाचला जातो तो अहवाल म्हणजे शब्दशः अनेक 'हाल'! सभासदांना तो कधीकधी मराठी अर्थानेही खरा वाटतो, ही गोष्ट वेगळी.

उर्दूत 'क्या हाल है' हा नुसता विचारपुशीचा प्रश्न. हाल बरा असू शकतो, वाईटही. मराठीत मात्र शब्दाने वेगळीच वाट धरली. इथे हाल नेहमी अनेकवचनी आणि नेहमी वाईटच. हाल होतात, हाल काढावे लागतात, हालअपेष्टा सोसाव्या लागतात. आणि फारच झाले तर त्या माणसाचे हाल कुत्रा खात नाही. मूळच्या तटस्थ शब्दावर ही वेळ का आली? याचे उत्तर परक्या भाषेत शोधायला नको. 'दशा' हा संस्कृत शब्दही अवस्था एवढेच सांगतो, पण "काय ही दशा!" असे आपण दुःखानेच म्हणतो. 'गत' या शब्दाचेही तेच. माणूस सुखात असला की त्याच्या स्थितीची चर्चा फारशी होत नाही. वाईट दिवस आले की गावभर होते. शब्दाला संगत जशी मिळते, तसा त्याचा अर्थ बनतो.

एका ठिकाणी मात्र हाल वाचला. फार्सीतला 'खुश' त्याच्या आधी येऊन बसला आणि 'खुशहाल' तयार झाला : ज्याची स्थिती आनंदाची आहे असा. मराठीने मधला 'ह' गिळला आणि 'खुशाल' केला. आत हाल दडलेला आहे हे त्यामुळे कुणाला दिसेनासे झाले. सतराव्या शतकातल्या पश्तो कवी खुशहालखान खटक यांच्या नावात तो ह शाबूत आहे.

पुढे दोन्ही भाषांत या शब्दाचे संसार वेगळे झाले. आजच्या उर्दूत खुशहाल म्हणजे सुखवस्तू, भरभराटीचा. देशाची खुशहाली म्हणजे समृद्धी. मराठीत खुशालीचा पैशाशी संबंध नाही. पोस्टकार्डाच्या काळात मुंबईच्या गिरणीत राबणारा मुलगा गावाकडे लिही, "मी येथे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी." दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा जण राहात असले, तरी पत्रात तो खुशालच असे. उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला "खुशाली कळवा" हे वाक्य प्रथम गोंधळात टाकते. भरभराट कळवायची म्हणजे काय पगाराचा आकडा लिहायचा?

मराठीत या शब्दाने आणखी रंग दाखवले. "खुशाल जा" म्हणताना मोकळीक आहे. "खुशाल खोटे बोलतो" म्हणताना तीच मोकळीक निलाजरेपणा होते. कशाचीच फिकीर नसलेला तो 'खुशालचेंडू'. हा चेंडू मराठीने स्वतःच्या अंगणात बनवलेला आहे. 'ख्यालीखुशाली' ही जोडीही मराठी कानाला गोड लागली म्हणून टिकली.

खुशालीला मराठी घरात एवढी सहज जागा मिळाली, याचे एक कारण शेजारीच होते. जुन्या पत्रांत 'येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे' असा मायना असे. संस्कृत कुशल आणि फार्सी खुशाल यांचे नाते काही नाही, पण उच्चार जवळचा आणि काम एकच. क्षेमकुशल विचारणाऱ्या भाषेला खुशाली परकी वाटली नाही.

शब्द परके की आपले, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. शिवाजी महाराजांच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला आणि दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. राज्याला स्वतःची भाषा असावी, हा त्यामागचा विचार होता. कवी माधव जूलियन यांचे उदाहरण तर फारच बोलके. ते फार्सीचे प्राध्यापक; १९२५ मध्ये त्यांनी 'फार्सी-मराठी कोश' दिला, गझल मराठीत रुजवली आणि पुढे भाषाशुद्धीचा आग्रहही धरला. फार्सीवर प्रेम आणि मराठीच्या शुद्धीची काळजी, दोन्ही एकाच माणसात नांदली. कोशांचे काम कोशांनी केले, पण "खुशाल आहे ना रे?" असे विचारणाऱ्या आईला शब्दाची जात विचारायला कुणी गेले नाही.

सूफींनी 'हाल' शब्दाला आणखी खोल अर्थ दिला. त्यांच्या परिभाषेत दोन शब्द जोडीने येतात : हाल आणि मकाम. मकाम म्हणजे साधकाने कष्टाने गाठलेला टप्पा. हाल म्हणजे देवाच्या कृपेने क्षणभर उतरणारी अवस्था. ती मिळवता येत नाही, धरून ठेवता येत नाही. अकराव्या शतकात हुजवेरी यांनी 'कश्फुल महजूब' या फार्सी ग्रंथात या दोहोंतला फरक उलगडून सांगितला आहे. खुलताबादला चिरविश्रांती घेत असलेले बुऱ्हानुद्दीन गरीब समा, म्हणजे भक्तिसंगीताच्या मैफलीचे, मोठे चाहते होते. अशा मैफलीत एखाद्याचे भान हरपले, की "त्याला हाल आला" असे म्हणतात.

आता मराठीतला एक रुक्ष शब्दप्रयोग आठवावा : 'हल्ली मुक्काम'. अर्जावर, दस्तऐवजावर नाव-गावापुढे तो लिहिला जातो. हल्ली हा शब्द हालवरून आला, 'सध्याच्या स्थितीत' या अर्थाने. आणि मुक्काम हे त्या मकामाचेच भावंड. सूफींची जोडी अशी तलाठ्याच्या दप्तरात जाऊन बसली.

'हल्ली'चा आणखी एक सख्खा भाऊ म्हणजे उर्दू कवी अल्ताफ हुसेन 'हाली'. जन्म १८३७ चा, तोही पानिपतचा. गालिबचे शिष्य. त्यांचे आधीचे टोपणनाव होते 'खस्ता', म्हणजे थकलेला, दुखावलेला. मराठीत आपण खस्ता खातो, त्याच या खस्ता. पुढे त्यांनी ते सोडून 'हाली' घेतले : वर्तमानाचा माणूस. १८७९ च्या त्यांच्या 'मुसद्दस'मध्ये गतवैभवाच्या आठवणींबरोबर समाजाच्या आजच्या स्थितीचे परखड चित्र आले. स्वतःच्या खस्ता मागे ठेवून सर्वांच्या हालाकडे पाहणारा कवी, असे त्या नावबदलाकडे पाहता येते.

रमजानची शिकवणही काहीशी तिकडेच नेते. भूक म्हणजे काय, हे रोजा अंगाला कळवतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. ईदच्या नमाजाआधी 'फित्रा' द्यायचा असतो. घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याचा, अगदी तान्ह्या बाळाचाही. ईदच्या दिवशी शेजारपाजारच्या कोणत्याही घरात चूल थंड राहू नये, हा त्यामागचा हेतू. आपण खुशाल असलो तरी दुसऱ्याचे हाल विचारल्याशिवाय ईद पुरी होत नाही.

यंदा काकूंनी पुन्हा तोच प्रश्न केला, तर उत्तरही तेच मिळेल. संध्याकाळी मात्र मगरिबच्या अजाननंतर भज्यांची एक बशी भिंतीपलीकडे जाईल आणि दुसऱ्या दिवशी ती रिकामी परत येणार नाही. खुशाली कळवण्याची ही रीत पोस्टकार्डापेक्षा जुनी आहे, आणि पोस्टकार्ड गेल्यावरही चालू आहे.