विश्लेषण : माल खपतो, मग पैसा कुठे अडकतो? सोलापुरात राहून फॅशन-रिटेल सल्लागार होता येईल का?

पुणे महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीचे नाव निघाले की सोलापूरकरांना बालाजी अमाइन्सची रसायने आणि प्रिसिजनचे कॅमशाफ्ट आठवतात. चादर, टॉवेल आणि गणवेश ही शहराच्या दुसऱ्या टोकाची, अक्कलकोट रोडची ओळख. अभियांत्रिकीची पदविका घेतलेले तरुण चिंचोळीची गाडी पकडतात, नाही तर थेट पुण्याची. ‘कापडाच्या धंद्यात आता राम उरला नाही’ हे वाक्य त्यांनी घरी अनेकदा ऐकलेले असते. मात्र उत्पादनाचे नियोजन, साठ्याची नोंद, दर्जाची तपासणी हे जे चिंचोळीच्या कारखान्यांत रोज शिकायला मिळते, त्याचीच कापडधंद्यात मोठी वानवा आहे. ही वानवा भरून काढण्याच्या कामाला फॅशन व रिटेल व्यवसाय सल्लागारी म्हणतात. नाव झगमगीत आहे, काम तसे नाही.

सल्लागार नेमके काय करतो?

कोणता रंग चालेल, कुठली कॉलर शोभेल हे सांगणे डिझायनरचे काम. सल्लागाराचे प्रश्न वेगळे असतात. किती नग शिवायचे, कोणत्या मापात, कधी, किती भावाला विकायचे आणि उरलेल्या मालाचे काय करायचे? दुकानदारासाठी तो जागेचे भाडे, फळीवरचा माल आणि महिन्याची विक्री यांचा मेळ घालतो. उत्पादकासाठी घाऊक विक्रीऐवजी स्वतःचा ब्रँड परवडेल का, हे तपासतो. टेक्नोपॅक, वझीर अ‍ॅडव्हायझर्स, थर्ड आयसाइट या क्षेत्रातील नावाजलेल्या कंपन्या दिल्ली-गुरुग्राम परिसरातल्या. त्यांचे ग्राहक मोठे असतात. वीस-तीस शिलाई यंत्रांचा कारखाना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही आणि त्यांची फी त्याला झेपतही नाही. सोलापुरातील तरुणांना संधी आहे ती नेमकी इथे.

गणवेशाच्या धंद्यात हिशेब कुठे चुकतो?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. एका उत्पादकाने शाळा सुरू होण्याआधी १० हजार शर्ट शिवले. एका शर्टाचा खर्च २५० रुपये, घाऊक भाव ३२० रुपये. जूनअखेर ८ हजार शर्ट गेले. नगामागे ७० रुपये, म्हणजे ५ लाख ६० हजारांचा नफा, असे मालक समाधानाने सांगतो. आता रोख पाहू. खर्च झाला २५ लाख, विक्री झाली २५ लाख ६० हजारांची. हाती उरले फक्त ६० हजार. बाकीचे ५ लाख गोदामात दोन हजार शर्टांच्या रूपात पडून आहेत. भांडवल १२ टक्के व्याजाने घेतले असेल आणि व्यापाऱ्यांकडून वसुलीला तीन महिने लागले, तर व्याजच ७५ हजार होते. म्हणजे हंगाम ‘चांगला’ जाऊनही खिशातून १५ हजार गेले!

उरलेले शर्ट पुढच्या वर्षी विकता येतील, असे कोणी म्हणेल. साधे असतील तर येतीलही. पण खिशावर शाळेचे बोधचिन्ह भरले असेल आणि त्या शाळेने पुरवठादार बदलला, तर तो शर्ट कापडाच्या भावानेही जात नाही. सल्लागाराचा इथला उपाय फार साधा असतो. गेल्या तीन हंगामांच्या बिलांवरून मापनिहाय विक्री काढायची. उरणारा माल बहुधा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापांत असतो, तिथे आधीच हात आखडता घ्यायचा. शर्ट साधा शिवून ठेवायचा आणि बोधचिन्हाची भरत ऑर्डर पक्की झाल्यावर करायची. इटलीच्या बेनेटनने १९७०च्या दशकात हेच स्वेटरच्या बाबतीत केले. बिनरंगी स्वेटर विणून ठेवायचे आणि बाजारात कोणता रंग चालतो हे दिसल्यावर रंगवायचे. जगभरच्या व्यवस्थापन वर्गांत हे उदाहरण शिकवले जाते. सोलापुरातील गणवेशाला ते अगदी मापात बसते.

सरकारी निर्णयांचा अभ्यास का लागतो?

कारण ग्राहक कोण, हेच एका निर्णयाने बदलते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्य सरकारने शाळांसाठी ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राबवली. कापडाची खरेदी राज्य स्तरावर आणि शिलाई महिला बचत गटांकडे गेली. अनेक शाळांत गणवेश उशिरा पोहोचले, तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२४मध्ये सरकारने ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवली. एका वर्षी एकच मोठा खरेदीदार, पुढच्या वर्षी हजारो छोट्या समित्या. यंत्रे, कापड आणि विक्रेते यांची जुळवाजुळव दोन्ही वेळा वेगळी करावी लागते.

उधारीचेही तसेच. प्राप्तिकर कायद्यातील तरतुदीनुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ आणि नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. उत्पादकाच्या हातात हे चांगले हत्यार आहे. पण जुन्या व्यापाऱ्याशी संबंध न बिघडवता ते वापरायचे कसे, हे पुस्तकात नसते. सप्टेंबर २०२५पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. त्यामुळे जॅकेट-ब्लेझरची किंमत ठरवताना ही रेषा लक्षात ठेवावी लागते.

निर्यातदारांचे प्रश्न वेगळे आहेत का?

सोलापुरी टॉवेलला चादरीसारखेच भौगोलिक मानांकन आहे आणि तो परदेशातही जातो. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा एकाच देशावर विसंबण्याचा धोका स्पष्ट झाला. दुसरा प्रश्न याहून गंभीर. मे २०२५मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. बाहेर पडण्याच्या वाटा, विजेची जोडणी, सुताचा साठा, कामगारांचा निवास यांची तपासणी मोठे परदेशी खरेदीदार करवून घेतात. ती कागदापुरती उरकून देणारे ‘सल्लागार’ही बाजारात आहेत. या व्यवसायात येणाऱ्याने आपण त्यातले व्हायचे नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवावे.

शिक्षण कोणते घ्यावे?

खारघरच्या ‘निफ्ट’मध्ये फॅशन व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्याला कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश परीक्षा देऊन जाऊ शकतो. इचलकरंजीच्या ‘डीकेटीई’त वस्त्र अभियांत्रिकी शिकता येते. एमबीए करणाऱ्यांनी विपणनाबरोबर वित्त विषय टाळू नये, कारण सल्ला शेवटी ताळेबंदावरच उतरतो. पण पदवी मिळताच सल्लागार म्हणून पाटी लावणे हास्यास्पद ठरेल. त्याआधी तीन-चार वर्षे मर्चंडायझर, साठा नियोजक किंवा दुकान व्यवस्थापक म्हणून काढावीत. चिंचोळीच्या एखाद्या कारखान्यात उत्पादन नियोजन केलेले असेल, तर तो अनुभवही उपयोगी पडतो. फक्त कापडाची भाषा नव्याने शिकावी लागते. सोलापुरात तर ती शब्दशः भाषाही आहे. मालकाशी मराठीत, मागावरच्या कारागिराशी तेलुगूत आणि सीमेपलीकडच्या व्यापाऱ्याशी कन्नडमध्ये बोलू शकणाऱ्याला जी माहिती मिळते, ती गुरुग्रामहून आलेल्या पाहुण्याला मिळत नाही.

पहिले काम आणि मोबदला कसा ठरतो?

मालक अनोळखी माणसाला वह्या दाखवत नाही. त्यामुळे सुरुवात लहान, मोजता येईल अशा कामाने करावी : गोदामातील पडून असलेल्या मालाची वयानुसार यादी. तीन महिने, सहा महिने, वर्षाहून जुना असे तीन ढीग आणि प्रत्येकात अडकलेली रक्कम. या कामाला ठरावीक फी घ्यावी. पुढे महिन्याच्या ठरावीक मोबदल्यावर काम करता येते किंवा मोकळ्या झालेल्या भांडवलाचा काही टक्के वाटा मागता येतो. टक्केवारी आकर्षक वाटते, पण ‘वाचलेले’ म्हणजे किती, यावरून वाद होतात. म्हणून सुरुवातीचा साठा दोघांनी मिळून मोजावा आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.